तेराव्या पानावरची चंद्रकोर

आमच्या वाचनालयातली सगळी पुस्तकं बाहेरून एकसारखी दिसायची. मालक, ज्यांना सगळं कोथरूड 'काका' म्हणायचं, पुस्तक जरा फाटलं की त्याचं मूळ कव्हर काढून टाकायचे आणि जाड तपकिरी पुठ्ठ्याचं बाइंडिंग घालून आणायचे. पाठीवर काळी कापडी पट्टी आणि नुसता नंबर. आत रहस्यकथा आहे की पाककृती, हे उघडल्याशिवाय कळायचं नाही. आणि निवांत उघडून बघायला काका देतील तर शपथ! "वाचायचं असेल तर घरी न्या, इथे पंखा एकच आहे," असं सरळ तोंडावर म्हणायचे.

त्यामुळे व्हायचं असं, की मोठ्या हौशीने आणलेलं पुस्तक तीन प्रकरणं वाचून झाल्यावर लक्षात यायचं, अगं बाई, हे तर मागे वाचलंय. यावर तोड म्हणून वाचनालयातल्या नेहमीच्या मंडळींनी आपापल्या खुणा ठेवल्या होत्या. ठरावीक पानावर, कोपऱ्यात, पेन्सिलीने. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू पंचविसाव्या पानावर फूल काढायच्या. एक निवृत्त साहेब शेवटच्या पानावर नुसती बरोबरची खूण करायचे, आणि पुस्तक आवडलं नसेल तर शेजारी 'भिकार' असंही लिहायचे. माझ्या आईची खूण म्हणजे तेराव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी चंद्रकोर आणि तिच्याखाली टिंब. पुस्तक हातात घेतलं की आधी तेरावं पान उघडायचं. चंद्रकोर दिसली की परत फळीवर. या प्रकाराने काका इतके वैतागले होते की त्यांनी भिंतीवर पाटीच लावली होती: 'पुस्तकात खुणा करू नयेत. आपण वाचलेत हे आपणांस ठाऊक असणे पुरेसे आहे.'

कुणीही ऐकलं नाही.

आईच्या चंद्रकोरीला एकच अपवाद होता, तो म्हणजे राजाचे भाग. ही पाच भागांची मालिका होती. दूर पश्चिमेच्या कुठल्याशा थंड मुलखातल्या जुन्यापुराण्या दंतकथा कुणीतरी मराठीत सांगितल्या होत्या. कुणी, ते आम्हाला कधीच कळलं नाही, कारण बाइंडिंगच्या भानगडीत पहिली पानं गहाळ झाली होती. एक राजा, ज्याला राजा व्हायचंच नव्हतं. त्याचे चिलखतधारी शिलेदार, जे ऊठसूट शपथा घ्यायचे आणि मग त्या निभावताना त्यांच्या नाकी नऊ यायचे. आणि जंगलातल्या झोपडीत राहणारा एक म्हातारा जादूगार, ज्याला सगळं माहीत असायचं पण जो वेळेवर कधी काही बोलायचा नाही. हे भाग आईने पुन्हा पुन्हा वाचले. दर वाचनाला ती चंद्रकोरीखाली आणखी एक टिंब द्यायची. काही वर्षांनी तिथे टिंबांची छोटी रांगोळीच झाली होती.

मी तिसरीत असताना बाबा गेले. आई एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती. आम्ही पेठेतली भाड्याची जागा सोडून कोथरूडला आलो तेव्हा बिल्डिंगच्या मागे शेत होतं आणि रिक्षावाले यायला कुरकुर करायचे. घरात आम्ही दोघीच. संध्याकाळी आई घरी आली की चहा घ्यायची, भाजी निवडायला बसायची आणि मी तिला राजाचा भाग वाचून दाखवायची. मी अडखळले की ती मान वर न करता पुढचा शब्द सांगायची. नावं अशी होती की जिभेला गाठ बसावी, म्हणून आईने ती सरसकट काढून टाकली होती. राजा तो राजा. जादूगाराला 'बुवा'. शिलेदारांना त्यांच्या गुणांप्रमाणे: उतावळा, रडका, आणि एक 'आमचे साहेब', कारण तो सगळ्यांना लढायला पाठवून आपण मागे थांबायचा.

चित्रंही होती, काळीपांढरी. पहिल्यांदा चिलखतातला शिलेदार बघितला तेव्हा मी म्हटलं होतं, हा माणूस डब्यात का भरलाय? आई इतकी हसली की हातातली गवार सांडली. "एप्रिलमध्ये लक्ष्मी रोडवरून चालवायला पाहिजे याला," म्हणाली. त्यांच्या किल्ल्यांवर मेजवान्या असायच्या, अख्खा बैल भाजलेला वगैरे. आम्ही सिंहगडावर गेलो की आई पिठलं-भाकरी खाताना म्हणायची, "बैल नको बाई, कांदा दे." बुवांवर तिचा विशेष राग. "एवढं पुढचं दिसतं तर आधी नाही का सांगायचं? मेल्याला सगळं झाल्यावर कंठ फुटतो." आणि तरी बुवा जंगल सोडून जातो त्या प्रकरणाला ती डोळे पुसायची आणि म्हणायची कांदा लागला, भाजी भेंडीची असली तरी.

बाबांबद्दल आमच्यात फार बोलणं होत नसे. पण शेवटच्या भागात राजा लढाईत मारला जातो, तेव्हा त्याच्या राणीचं एक पान आहे, ते आई मला वाचू द्यायची नाही. ते ती स्वतः वाचायची, मनात, आणि मी गप्प बसून राहायचे. मला वाटतं आमचं सगळं बोलणं त्या पानावरच व्हायचं.

मग घरोघरी केबल आली. वर्गातल्या मुली मालिकांबद्दल बोलायच्या आणि मी बावळटासारखी ऐकायची, कारण आईने केबल घ्यायला साफ नकार दिला होता. चौकाचौकात कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. मागच्या शेतात आधी पाया खणला गेला, मग बिल्डिंग आली, मग आमच्या खिडकीतून दिसणारी टेकडी गेली. मी इंजिनिअर झाले, हिंजवडीला नोकरीला लागले. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, मधे अमेरिकेतल्या लोकांची झोपमोड. लग्न केलं नाही. त्याची कारणं ज्यांनी त्यांनी आपापल्या मनाने ठरवलेली आहेत, मी कशाला मोडता घालू?

कंपनीने मला सहा महिने अमेरिकेला पाठवलं तेव्हा आई निवृत्त झाली होती. तिने त्या दिवसांत पाचही भाग ओळीने वाचून काढले. दर रविवारी फोनवर मी म्हणायची, जेवलीस का, आणि ती म्हणायची, "ते राहू दे. उतावळ्याने परत घोळ घातलाय." इकडे बाहेर बर्फ पडत असायचा, खराखुरा, चित्रातल्यासारखा. मी तिला म्हटलं, आई, अगं बर्फ पडतोय. ती म्हणाली, "मग चिलखत घालून हिंड." मी फोन ठेवून रडले होते, इतकी मला घरची आठवण आली.

परत आल्यावर दोन-तीन वर्षं बरी गेली. मग एका संध्याकाळी आई वाचनालयातून एक कादंबरी घेऊन आली, जी तिने आदल्याच आठवड्यात आणून वाचून परत केली होती. दोन दिवसांनी तिने ती वाचून बाजूला ठेवली तेव्हा मी तेरावं पान उघडलं. चंद्रकोर होती, ताजी. आणि तिच्याशेजारी आणखी एक चंद्रकोर, त्याहून ताजी. म्हणजे हिने खूण न बघताच पुस्तक आणलं होतं, पुन्हा वाचलं होतं आणि आधीच्या खुणेशेजारी नवी खूण केली होती. मी दाखवलं तेव्हा ती हसली. "म्हातारी झाले," म्हणाली. मीही हसले, पण पुस्तक मिटण्याआधी दोन्ही खुणा पुन्हा एकदा बघितल्या.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे, ज्यांच्या नाही त्यांना देव न दाखवो. कुकरच्या शिट्ट्या, उघडं राहिलेलं दार, बँकेतून घरी यायच्या ओळखीच्या रस्त्यावर तिचं उभं राहणं. डॉक्टर भले होते. त्यांनी सगळं तपासून आईच्या देखतच सांगितलं, कारण तिने बजावलंच होतं की माझ्या पाठीमागे कुजबूज नको. म्हणाले, "बाई, हे थांबणार नाही. पण तुम्ही वाचता, ही मोठी गोष्ट आहे. वाचन सोडू नका. वाचन जोवर आहे तोवर घसरण सावकाश होईल. ते सुटलं तर मात्र वेगाने."

बस. त्या दिवसापासून माझा एकच ध्यास झाला: आईचं वाचन सुटता कामा नये. औषधं विसरली तर मी होते, पाणी तापवायला विसरली तर दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशी होत्या. पण वाचन तिचं तिनेच करायचं होतं. ते मी कुठून करणार?

आणि तिथेच घोडं अडलं. नवी पुस्तकं तिला पेलेनात. चौथ्या प्रकरणाला आली की पहिल्यातली माणसं हरवायची. "हा कोण आता?" म्हणून मागे जायची, पुन्हा पुढे यायची, पुन्हा मागे. मग चिडून मिटून टाकायची. मी म्हटलं, राजाचे भाग आणू या. ते तुझ्या रक्तात आहेत. ते हरवायचे नाहीत.

आम्ही दोघी गेलो वाचनालयात. काका तोवर बरेच थकले होते. सभासद आटले होते, फळ्यांवर धूळ होती, पंखा मात्र तोच. आईने पहिला भाग घेतला, सवयीने तेरावं पान काढलं आणि तिचा चेहरा उतरला. चंद्रकोर, आणि खाली टिंबंच टिंबं.

"इतक्या वेळा?" तिने मला विचारलं. "इतक्या वेळा वाचलंय मी हे? आणि मला धड काहीच आठवत नाहीये गं."

मी म्हटलं, वाचायला लागलीस की आठवेल. पण ती टिंबांकडेच बघत राहिली. तिला ती टिंबं खिजवत होती, हे मला दिसत होतं. मग ती अचानक काकांच्या टेबलापाशी गेली. तिथल्या पेन्सिलीच्या डब्यात एक खोडरबर होतं. ते तिने उचललं, आणि उभ्या उभ्या ती सगळी टिंबं, चंद्रकोरीसकट, घासून साफ करून टाकली. दुसरा भाग. तिसरा. पाचही.

मी ओरडलेच. "आई! अगं काय करतेस? राहू दे ना!"

"का राहू दे?" ती फुंकर मारून रबराचा चुरा उडवत म्हणाली. "खूण नाही म्हणजे पुस्तक नवीन. माझ्यासारखी भाग्यवान कोण आहे सांग. आवडतं पुस्तक पहिल्यांदा वाचायला मिळतंय, परत! तुला मिळेल का?"

काका म्हणाले, "एवढी वर्षं पाटी लावली होती बाई, आज बरी आठवण झाली." म्हणाले मात्र आणि लगेच जीभ चावली. पण आई हसली, अगदी खळखळून. मग काकाही हसले आणि शेवटी मीही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण हसले.

आणि खरं सांगते, तिचं म्हणणं खरं ठरलं. नंतरचे काही महिने आमच्या घरात असे गेले की मला कधी कधी वाटायचं, डॉक्टर चुकले. आई वाचत होती! नवं पुस्तक वाचावं तशी वाचत होती, पण वाट मात्र तिच्या पायाखालची होती, म्हणून माणसं हरवत नव्हती. मी ऑफिसात मीटिंगमध्ये असायची, समोर अमेरिकेतली मंडळी स्पीकरवर, आणि मोबाइल थरथरायचा. "अगं, तो म्हातारा आहे ना जंगलातला, त्याला सगळं माहितीये! बोलत नाहीये लबाड!" मी हळू आवाजात म्हणायची, हो का? पुढे बघ काय होतं. बॉसने विचारलं, सगळं ठीक ना घरी? मी म्हटलं, घरी ठीक आहे, राजवाड्यात दगाफटका झालाय. तो बिचारा दिल्लीचा, मराठी ऐकून नुसती मान हलवली.

मला तेव्हा इतकं बरं वाटायचं आणि तितकंच वाईटही वाटायचं. बुवा जंगल सोडून जातो तिथे ती आता डोळे पुसत नव्हती, चक्क हुंदके देऊन रडायची, कारण तिला तो जाणार हे माहीतच नसायचं. राणीचं ते पान मात्र तिने एकदा मला मोठ्याने वाचून दाखवलं. ते तिचं होतं, आमचं दोघींचं होतं, हे ती विसरली होती. एवढ्या वर्षांनी मी ते पान पहिल्यांदा ऐकलं, आणि ऐकताना मला तिच्यासमोर नीट बसवेना.

पुढच्या वर्षी काकांनी वाचनालय बंद केलं. जागेवर मोबाइलचं दुकान यायचं होतं. पुस्तकं कुठल्याशा रद्दीवाल्याला जाणार होती, पण राजाचे पाच भाग त्यांनी बाजूला काढून ठेवले आणि आमच्या घरी स्वतः आणून दिले. आईने त्यांना ओळखलं नाही. "आपण कोण? बसा ना, चहा घ्या," म्हणाली. काका चहा घेऊन गेले. जिन्यात मला म्हणाले, "वाचतात ना अजून? मग झालं तर."

ते भाग दिवाणाशेजारच्या फळीवर राहिले. आई एक संपवायची आणि दुसरा घ्यायची, कधी क्रमाने, कधी कसाही. तेराव्या पानावर आता ती काही काढत नव्हती. खूण करायची असते, हेच डोक्यातून गेलं असावं, असं मी धरून चालले होते.

त्या रविवारी मी घरीच होते. दुपारी जेवणं झाली होती, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. आईने तिसरा भाग घेतला, उघडला, दोन पानं वाचली आणि एकदम ताठ बसली.

"थांब," म्हणाली. "हे मी वाचलंय."

माझ्या हातातला कपडा तसाच राहिला. कित्येक महिन्यांत तिला असं काही आठवलं नव्हतं. मी म्हटलं, काय वाचलंयस, सांग बघू.

आणि ती सांगायला लागली. लढाईच्या आदल्या दिवशी रडका शिलेदार नदीवर जाऊन आपल्या घोड्याला आंघोळ घालतो. सगळे त्याला हसतात, उद्या चिखलात आणि रक्तात लोळायचाय तो, कशाला घासतोस? तो म्हणतो, उद्याचं उद्या, आज तो माझा घोडा आहे. हे वाक्य आईने जसंच्या तसं म्हटलं, डोळे मिटून. मग पुढचंही म्हटलं, घोडा रिकाम्या खोगिराने परत येतो ते. मला गालगुंड झालं होतं तेव्हा हीच गोष्ट तिने मला उशाशी बसून सांगितली होती, आणि घोडा एकटा परत आल्यावर मी एवढा गळा काढला होता की शेजारच्या धावत आल्या होत्या. तेही तिला आठवलं. "तुझे गाल एवढे सुजले होते," हाताने दाखवून म्हणाली, "आणि रडताना दुखायचं म्हणून आणखी रडायचीस."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. मला काय करू आणि काय नको असं झालं. आई परत आली होती हो! अख्खी, होती तशी.

"खूण असेल बघ," ती उत्साहाने म्हणाली. "माझी खूण असते. तेराव्या पानावर."

तिला थांबवायला मी हात पुढे केला, पण तिने पान उघडलंसुद्धा.

कोरं होतं. तिने पान खिडकीकडे धरून तिरकं करून बघितलं. मग बारावं बघितलं, चौदावं बघितलं. उठून फळीवरचे बाकीचे भाग काढले, एकेकाचं तेरावं पान काढलं. मी म्हणत होते, आई, अगं तूच खोडलीस. वाचनालयात. रबर घेऊन. आपण हसलो होतो, काका पण हसले होते, आठवतं का?

"मी?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्यावर चोरीचा आळ घेतला होता. "मी माझी खूण कशाला खोडीन? वेड लागलंय का मला?"

मग ती पुन्हा त्या कोऱ्या पानाकडे बघायला लागली. "म्हणजे वाचलेलं नाही. खूण नाही म्हणजे वाचलेलं नाही. मग तो घोडा कुठून आला गं माझ्या डोक्यात?"

डॉक्टर दर खेपेला तिला विचारायचे, नसलेलं काही दिसतं का, भास होतात का. आई दर खेपेला ठणकावून नाही म्हणायची. त्या एका प्रश्नाची तिला भयंकर धास्ती होती. विसरणं तिने पत्करलं होतं, त्याची थट्टासुद्धा केली होती. पण नसलेलं दिसणं, त्याला ती वेड म्हणायची. आणि आता ती समोर बसून मला म्हणत होती, "सुरू झालं बघ. नसलेलं दिसायला लागलं." मी सांगितलं, शपथ घेतली, पुस्तकातलं पुढचं पान काढून दाखवलं, हा बघ घोडा, ही बघ नदी. ती म्हणाली, आत्ता डोळ्याखालून गेलं असेल, त्यावरून मनानेच रचलं मी. मी म्हटलं, गालगुंडाचं काय मग? "तेही रचलं असेल. तुला तरी खरंच झालं होतं का?"

मी हो म्हटलं. माझ्या हो म्हणण्याला काही किंमतच नव्हती. आयुष्यभर तिने विश्वास ठेवला तो त्या चंद्रकोरीवर, आणि ती तिथे नव्हती.

दमून तिला झोप लागली. मी तिसरा भाग घेतला, पेन्सिल घेतली, तेराव्या पानाच्या कोपऱ्यात चंद्रकोर काढली आणि खाली टिंबं दिली. बोटाने जराशी पुसट केली. संध्याकाळी ती उठली तेव्हा मी चहा दिला आणि म्हटलं, "सापडली बघ खूण. दोन पानं चिकटली होती, म्हणून दिसली नाही."

आईने चष्मा लावला. पान जवळ धरलं. मग पान उलटून मागच्या बाजूने त्यावर बोट फिरवलं. शाळेच्या ऑफिसात पोरांनी प्रगतिपुस्तकावर केलेल्या वडिलांच्या खोट्या सह्या ती अशाच पकडायची, मागून बोट फिरवून. त्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे.

"ही तू काढलीस," ती म्हणाली. "तू लहानपणापासून पेन्सिल दाबतेस."

ती रागावली असती तर मला चाललं असतं. रागावली नाही. माझ्या गालावरून हात फिरवला, त्याच गालावरून, आणि पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. "घेऊन जा हे सगळे," म्हणाली. "माझ्या डोक्यावर माझा भरवसा नाही, तो गेला. तुझ्यावर होता. आता तूही मला समजूत काढायला खोटं सांगायला लागलीस, म्हणजे मी कुठवर गेलेय ते कळलं मला."

त्यानंतर आई बरीच वर्षं होती. वाचन सुटलं आणि घसरण झाली ती डॉक्टर म्हणाले होते तशीच, वेगाने. मी नाना तऱ्हेची पुस्तकं तिच्या हाताशी ठेवली, मोठ्या अक्षरांची, चित्रांची. तिने एकही उघडलं नाही. मी मोठ्याने वाचायला बसले की ती तोंड फिरवायची. शेवटी शेवटी ती मलाही ओळखेनाशी झाली, आणि लोकांना वाटतं की मला त्याचं सगळ्यात जास्त दुःख असेल.

त्याचं नाही. त्या रविवारचं आहे. त्या दुपारी तिचं काहीही चुकलं नव्हतं. घोडा होता, नदी होती, माझे गाल सुजले होते, तिला शब्दन् शब्द खरा आठवला होता. आणि तिने मरेपर्यंत त्यालाच वेड मानलं.